कालप्पाच्या पोटाचं माप

“सर, तुम्ही खरंच तुम्हीच आहात का?”

कबूल! प्रश्न वेड्यासारखा आहे. पण तो माझा नाही. तो भव्या आणि शिवलीला ह्या माझ्या दोन जिवलग मैत्रिणींचा आहे. जिवलग म्हणजे, जीव घेतील, पण लगेच नाही, हळूहळू! हा प्रश्न त्या माणसाला त्याच्या तोंडावर विचारून दाखव, अशी त्यांनी माझ्याशी पैज लावली आणि मी तो विचारला.

मागच्या वर्षीची हर्षिता असती तर प्रश्न विचारायच्या आधीच चक्कर येऊन पडली असती. मागच्या वर्षीपर्यंत मी वर्गात ‘प्रेझेंट’ म्हणायचं कामसुद्धा शेजारणीवर सोपवत होते. पण ह्या जूनमध्ये कन्नड वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी कुणालातरी कांजण्या आल्या, श्रीहरी सरांनी ऐनवेळी मला स्टेजवर ढकललं आणि मला दुसरं बक्षीस मिळालं! तेव्हापासून माझ्या तोंडाचा नळ जो सुटलाय तो आमच्या राजाजीनगरातल्या नळासारखा दिवसाआड नाही, अखंड!

तर त्या अखंड अवस्थेत मी एका सोमवारी भर वर्गात उभी राहिले. शाळेच्या वार्षिकोत्सवाला पाहुणा कोण, अशी चर्चा चालू होती. दर वर्षी एक निवृत्त इंजिनिअर येतात आणि ‘पाणी वाचवा’ ह्या विषयावर इतका वेळ बोलतात की शेवटच्या रांगेतल्या मुलांना मिशा फुटतात.

“सर, ह्या वर्षी पाहुणा मी आणते!” मी म्हणाले. “टीव्हीवरचा! रोज साडेआठला दिसणारा!”

वर्ग हसला. श्रीहरी सर हसले नाहीत. ते म्हणाले, “सरी, ठीक आहे. पुढच्या सोमवारपर्यंत नक्की नाव दे. तू पाहुणा आणलास तर त्या दिवशी सूत्रसंचालन तू करायचं, माइक तुझ्या हातात. नाही आणलास तर नेहमीप्रमाणे विद्याश्रीच्या.”

विद्याश्री म्हणजे आमची वर्गातली आकाशवाणी. ती ‘गुड ईव्हिनिंग’ म्हणते तेव्हा संध्याकाळसुद्धा केस विंचरून येते! तीन वर्षं तो माइक तिच्याच हातात चिकटलेला आहे. आणि मला तो हवा होता. किती हवा होता ते सांगता येणार नाही. मी आंघोळीला गेले की शॉवरचं हँडल हातात धरून ‘माननीय मुख्याध्यापक, उपस्थित पालकवर्ग’ म्हणत होते. आमच्या अम्माला वाटायचं, बाथरूममध्ये मीटिंग चाललीय.

पण मी काही हवेत बोलले नव्हते. माझ्याकडे माणूस होता! माझ्याकडे म्हणजे, आमच्या दुकानात आला होता.

आमचं दुकान म्हणजे अंबाभवानी टेलर्स, सूट आणि सफारी स्पेशालिस्ट. खाली दुकान, वर घर. माप घेणार अप्पा, म्हणजे माझे वडील श्रीधरराव. ते लिहून घेणार तुंगा आत्या, म्हणजे अप्पांची थोरली बहीण. आमचं घराणं बेंगळुरात इतकं जुनं, की कुठल्या खापरपणजोबांनी कुठल्या राजाच्या फौजेचे अंगरखे शिवले ह्यावर ह्या दोघांचं अजून भांडण होतं. बाहेर आम्ही कन्नड बोलतो, घरात मराठी. आणि दुकानात? दुकानात मराठी म्हणजे आमची वायरलेस! गिऱ्हाइकाशी कन्नड, गिऱ्हाइकाबद्दल मराठी.

समजा, एखादे साहेब पँट शिवायला आले. कंबर किती, विचारलं की जगातला प्रत्येक पुरुष ‘छत्तीस’ म्हणतो. अप्पा टेप लावतात, कन्नडात खणखणीत म्हणतात, “छत्तीस! एकदम हिरो, सर!” आणि आवाजाची पट्टी तसूभरही न बदलता पुढं मराठीत, “एक्केचाळीस लिही अक्का. वर शिवणीत दोन इंच ठेव, पुढं लग्नसराई आहे.” साहेब खूश, पँट बरोबर बसते, ते पुन्हा येतात. राजाजीनगरातल्या निम्म्या पोटांचं सत्य फक्त मराठीत उपलब्ध आहे! आणि ही वायरलेस आजवर कधी कुणी पकडली नव्हती.

त्या सोमवारच्या आदल्या शनिवारी दुपारी दुकानात कुणी नव्हतं. मी काजांना बटणं लावून बघत बसले होते. एक माणूस आत आला. टोपी, काळा चष्मा, तोंडावर मास्क. त्यानं आधी मागं बघितलं, मग आरशात बघितलं, मग कन्नडात हळूच म्हणाला, “बंद गळ्याचा सूट शिवायचाय. स्वल्प घाई आहे.”

तो आवाज! आत्याच्या हातातली पेन्सिल पडली.

“श्रीधर,” अस्तराचा भाव सांगावा तशा सुरात आत्या मराठीत म्हणाली, “हा तोच! सासूला पायसात विष घालणारा!”

“कुणाच्या सासूला?” अप्पांनी टेप उलगडत विचारलं. अप्पा टीव्ही बघत नाहीत.

“स्वतःच्या! साडेआठच्या मालिकेत! कालप्पा!”

माणसानं मास्क काढला. तोच! रघुनंदन! अर्थात रघुनंदन हे नाव त्याच्या घरच्यांनाच माहीत असेल. आख्खं कर्नाटक त्याला कालप्पा म्हणून ओळखतो. त्यानं विष घातलेली सासू उगादीपासून, म्हणजे पाडव्यापासून, कोमात आहे, आणि आमची आत्या तिच्यासाठी शनिवारी उपास करते!

अप्पांनी माप घ्यायला सुरुवात केली. “छाती बेचाळीस. पोट... थांब अक्का, पोट आत ओढलंय ह्यानं. हा श्वास सोडेपर्यंत मी टेप सोडत नाही.”

आणि काय आश्चर्य! त्याच क्षणी रघुनंदननं फुस्सकन श्वास सोडला.

“चव्वेचाळीस,” अप्पा मराठीत म्हणाले. आणि कन्नडात, “चाळीस! एकदम हिरो, सर!”

रघुनंदननं अप्पांकडे जरा विचित्र नजरेनं बघितलं. मला वाटलं, खलनायक आहे, त्याची नजर अशीच असणार.

“आणि आतून एक खिसा पाहिजे,” तो म्हणाला. “खोल. बाहेरून दिसता कामा नये.”

“बाटलीसाठी!” आत्या मराठीत पुटपुटली. “हर्षी, ह्याला कॉफी विचार. पण चांगल्या कपातून देऊ नकोस, तो कान तुटलेला कप आहे ना, त्यातून दे. असल्या माणसाचा काय भरवसा, कपाला काय लावून ठेवेल!”

मी उठायच्या आत तो म्हणाला, “कॉफी नको.”

“बघितलंस?” आत्या म्हणाली. “विष घालणारे दुसऱ्याकडे काही पीत नाहीत. त्यांना माहीत असतं ना काय काय घालता येतं ते!”

मोठं माणूस घरात येणं म्हणजे काय असतं तुम्हाला सांगते, त्या रात्रीपर्यंत आम्ही चौघंही चार चार इंच उंच झालो होतो! त्याच उंचीवरून मी सोमवारी वर्गात बोलले. पण मधल्या सुट्टीत भव्यानं मला खाली ओढलं.

“रघुनंदन? तुमच्या दुकानात? अगं, तो सर्जापूर रोडला राहतो. तिथं बिल्डिंगींना लिफ्टपण एसी असते. तो राजाजीनगरात कशाला येईल सूट शिवायला?”

“डुप्लिकेट असणार,” शिवलीला म्हणाली. ती वकिलाची मुलगी आहे, तिचा सगळ्यांवर संशय असतो. “माझ्या मामेबहिणीच्या लग्नात एक हिरो आला होता. सगळ्यांनी फोटो काढले. जेवताना कळलं, डुप्लिकेट. भाड्यानं मिळतात.”

“आमच्या आत्यानं ओळखलाय त्याला!” मी म्हणाले.

“तुमच्या आत्यानं विधानसौधजवळ मुख्यमंत्र्यांना ओळखलं होतं. तो पोस्टमन निघाला.”

हे मात्र खरं होतं! माझ्या मनात संशयाचं पिल्लू शिरलं, आणि मंगळवारपर्यंत त्याचा म्हसोबा झाला. खरंच, एवढा मोठा माणूस आमच्याकडे का? मास्क का? खिसा का? आणि डुप्लिकेटला पाहुणा म्हणून आणलं तर? मी माइकवर ‘सुप्रसिद्ध कलाकार’ म्हणणार आणि खालून कुणीतरी ओरडणार, ‘अय्यो, हा तर आमच्या मामेबहिणीच्या लग्नात होता!’

मला पुरावा पाहिजे होता.

बुधवारी तो ट्रायलला आला. मी कोपऱ्यात बसून मोबाइलवर गणित सोडवतेय असा चेहरा केला आणि फोटो काढला. मोबाइलनं माझा विश्वासघात केला! खच्याक! वर फ्लॅश! दुकानात वीज पडल्यासारखा उजेड!

रघुनंदन गर्रकन वळला. “काय होतं ते?”

“व्होल्टेज,” मी म्हणाले. “आमच्याकडे व्होल्टेज असं... येतं.”

“नीट काढ ग,” आत्या मराठीत शांतपणे म्हणाली. “बाजूनं पण काढ. उद्या काही झालं तर पोलिसांना दाखवायला दोन्ही बाजू लागतात.”

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. अर्धा शिवलेला कोट अंगात, एक बाही लोंबतेय, अशा अवस्थेत त्यानं अप्पांना विचारलं, “तुमच्या दुकानाला मागून दार आहे का?”

“पाहणी!” आत्यानं हातातली पट्टी टेबलावर आपटली. “चोर आधी मागचं दार बघतात. कमला! अगं कमला! खाली ये, आणि येताना देवघरातली चांदीची समई लपवून ये!”

अम्मा खाली आली. तिनं रघुनंदनला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. “अक्का, हा तर किती गरीब दिसतो हो. शेळीसारखा. टीव्हीतलं काय खरं असतं का?”

“टीव्हीतलं खरं नसेल,” आत्या म्हणाली, “पण माणूस तर तोच ना!”

रघुनंदन कोट काढून जवळजवळ पळालाच. आम्हाला सगळ्यांना वाटलं, आपल्या नजरेला घाबरला! गुन्हेगार!

फोटोत एक कान आणि अप्पांचा टेप आला होता.

“कान!” भव्या म्हणाली. “कानाला बोलावणार आहेस पाहुणा म्हणून?”

“कान कुणाचाही असू शकतो,” शिवलीला म्हणाली. “कोर्टात टिकणार नाही. तू एक काम कर. त्याला सरळ विचार, ‘सर, तुम्ही खरंच तुम्हीच आहात का?’ खरा असेल तर चिडेल, डुप्लिकेट असेल तर घाबरेल. आम्ही समोर उभ्या राहून व्हिडिओ काढतो. विचारलंस तर मानलं. नाही विचारलंस तर सोमवारी आम्ही स्वतः सरांना सांगतो, की माइक विद्याश्रीला देऊन टाका.”

मैत्रिणी म्हणे!

शनिवारी तो सूट घ्यायला आला तेव्हा दुकानात ही गर्दी! भव्या तिच्या दादाची पँट आखूड करायच्या निमित्तानं उभी. शिवलीला भव्याच्या निमित्तानं उभी. अम्मा समईच्या काळजीनं जिन्यात उभी. रघुनंदननं सूट घातला, आणि खरं सांगते, अप्पांनी कमाल केली होती! पोट होतं, पण दिसत नव्हतं. सरकारी खर्चासारखं!

भव्यानं मोबाइल वर धरला. शिवलीलानं भुवया उडवल्या. मी एक पाऊल पुढं गेले आणि कन्नडात, वक्तृत्व स्पर्धेच्या आवाजात विचारलं,

“सर, तुम्ही खरंच तुम्हीच आहात का?”

भव्या मोबाइल घेऊन एक पाऊल पुढं सरकली.

रघुनंदननं माझ्याकडे बघितलं. मोबाइलकडे बघितलं. आत्याच्या हातातल्या मोठ्या कात्रीकडे बघितलं. मग बारीक आवाजात म्हणाला, “नाही. मी तो नाही. लोकांची नेहमी गल्लत होते. माझं नाव... बसवंत. हेब्बाळला हार्डवेअरचं दुकान आहे माझं.”

भव्या आणि शिवलीला एकमेकींच्या खांद्यावर पडून हसायला लागल्या. माझ्या कानात विद्याश्रीचं ‘गुड ईव्हिनिंग’ घुमायला लागलं. संपलं! गेला माइक! मला तिथंच कापडाच्या ताग्यात गुंडाळून घ्यावंसं वाटलं.

आणि आत्या? आत्या अशी प्रसन्न झाली, जणू मालिकेतली सासू कोमातून उठली!

“मला पहिल्या दिवसापासून संशय होता,” ती मराठीत म्हणाली. “कुठं कालप्पा आणि कुठं हा! तो वाघ आहे वाघ! हा म्हणजे वाघाचं कातडं पांघरलेली म्हैस.”

बसवंत हार्डवेअरवाल्याचा कान लाल झाला. (तोच कान!)

“मला तर पोटाचं माप घेतानाच कळलं होतं,” अप्पा म्हणाले. “टीव्हीवाल्यांचं असं नसतं. ही खिळे विकून बसलेली बैठक आहे.”

दुसरा कान लाल झाला.

“आवाज मात्र जरा मिळतो हो,” जिन्यातून अम्मा म्हणाली.

“कुठला मिळतो!” आत्या म्हणाली. “कालप्पा हसला की आपल्या मांडणीवरचे डबे थरथरतात. हा तर सर्दी झालेल्या कोकरासारखा बोलतो. आणि अभिनय? अगं, ह्याला साधं ‘मी तो नाही’ एवढंसुद्धा धड म्हणता आलं नाही!”

“बस्स!!”

आत्याच्या हातातली कात्री उडाली. मांडणीवर कुठला तरी डबा खरंच थरथरला. भव्याच्या दादाची पँट जमिनीवर पडली.

“कोकरू? मी कोकरू?” तो गरजला. “अक्का, स्वल्प थांबा आता! तीन वेळा आलो, तिन्ही वेळा ऐकतोय मी! सासूला विष घालणारा म्हणालात, सरी, म्हटलं कामाचं कौतुक आहे. चोर म्हणालात, सरी. शेळी म्हणालात, म्हैस म्हणालात, घरात एवढी जनावरं पाळलीत, सरी! पण अभिनय येत नाही म्हणता? मला?”

मराठीत!

आणि मराठी म्हणजे पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांची धुतलेली मराठी नव्हे. आमची! ‘स्वल्प’ आणि ‘सरी’ घातलेली, घरच्या सारासारखी मराठी! अप्पांच्या गळ्यातला टेप आपोआप सरकत खाली गेला. आत्याचं तोंड उघडं राहिलं, आणि तुम्हाला सांगते, त्यातून शब्द बाहेर येत नाही असं दृश्य मी जन्मात पहिल्यांदा बघितलं.

“तु-तुम्ही... आपल्यातले?” अप्पांनी कसंबसं विचारलं.

“तुमकूरचे! माझ्या आईनं साडीच्या दुकानात बसून साडीवाल्याला आयुष्यभर ह्याच भाषेत नावं ठेवली. मला वाटलं, ही युक्ती फक्त आमच्याच घरात आहे!” तो स्टुलावर बसला. नवीन सूटची पर्वा न करता बसला. “माझ्या नेहमीच्या टेलरनं माझं कमरेचं माप कुणाला तरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी इन्स्टाग्रामवर! ‘कालप्पा झाला गोलप्पा’! म्हणून म्हटलं, कुठंतरी लांब जाऊ, बोर्डावर अंबाभवानी लिहिलंय, आपली माणसं असतील, गुपचूप शिवून देतील. आणि इथं तर माझ्यासमोर माझ्या पोटाचं कीर्तन!”

“मग पहिल्याच दिवशी बोलला का नाहीत?” अम्मानं विचारलं.

“काय बोलू? ‘चव्वेचाळीस नाही, त्रेचाळीस आहे’ असं?”

“आणि खिसा?” शिवलीलानं कन्नडात विचारलं. तिला मराठी कळत नाही, पण संशयाला भाषा लागत नाही. मी तिला आणि भव्याला एकीकडे भराभर सगळं सांगत होते.

रघुनंदननं आपल्या जुन्या शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. त्यात कोडुबळे होते! तळलेले, खुसखुशीत, कड्यासारखे गोल. “डाएटवाली बाई सेटवर बॅग तपासते,” तो म्हणाला. “अंगावर हात घालत नाही अजून.”

“मागचं दार?”

“समोर तुमचा चहावाला मोबाइल घेऊन उभा होता, म्हणून.”

“कॉफी?” आत्यानं अगदी बारीक आवाजात विचारलं.

“कान तुटलेल्या कपातून कोण पितं हो अक्का!”

तरीही आत्याच्या डोळ्यात एक थेंब संशय शिल्लक होताच. ते बघून तो उठला. त्यानं पुडी बाजूला ठेवली, मान किंचित तिरकी केली, एक भुवई वर नेली आणि हसला. कालप्पासारखं हसला! पायसाची वाटी पुढं करतात तसा हात आत्यापुढं केला आणि मालिकेतल्या सासूला म्हणतो तसं हलक्या आवाजात म्हणाला, “घ्या ना, अत्ते. गोड आहे.”

आत्या किंचाळून अप्पांच्या मागं लपली. आणि मग टाळ्या वाजवायला लागली!

त्यानंतर जे झालं ते म्हणजे लग्नघर. सगळ्यात चांगला कप निघाला. उप्पीट झालं. आत्यानं कालप्पाला स्वतःच्या हातानं वाढलं आणि ‘सासूला शुद्धीवर कधी आणताय’ ह्यावर वाटाघाटी केल्या. मी संधी साधली. वार्षिकोत्सवाचं सगळं सांगितलं, माइकचं पण सांगितलं.

“येणार!” रघुनंदन म्हणाला. “पोरी, तुझ्यासाठी नक्की येणार. आणि भाषण काय करायचं ते पण सुचलं. हीच गोष्ट सांगतो! टेप, चाळीस-चव्वेचाळीस, अक्का, म्हैस, सगळं! लोक खुर्चीवरून पडतील!”

मी उडी मारली! भव्यानं तिच्या व्हिडिओतला कालप्पाचं हसू आणि ‘येणार!’ एवढाच तुकडा श्रीहरी सरांना पाठवला. कालप्पा मागच्या दारानं बाहेर पडेपर्यंत सरांनी तो पालकांच्या ग्रुपवर टाकला होता. वर एक ओळ, ‘प्रमुख पाहुणे सुप्रसिद्ध रघुनंदन, सूत्रसंचालन कुमारी हर्षिता’. अंगठे, टाळ्या, हृदयं, पाऊस! मैत्रिणी गेल्या. मी दुकानाच्या आरशासमोर मोजपट्टी तोंडाशी धरून ‘माननीय’ सुरू केलं.

अप्पा हळूच म्हणाले, “हर्षी, ह्या कार्यक्रमाला कोण कोण येतं ग?”

“सगळे! सगळ्या मुलांचे आईवडील, सगळे सर, हेडमास्तर...”

“म्हणजे आपली सगळी गिऱ्हाइकं.”

आत्यानं हातातला सगळ्यात चांगला कप खाली ठेवला.

“तो सांगणार,” अप्पा म्हणाले, “की आम्ही तोंडावर चाळीस म्हणतो आणि लिहितो चव्वेचाळीस. मग प्रत्येक माणूस घरी जाऊन स्वतःच्या पँटला टेप लावणार.”

“एवढंच नाही,” अम्मा म्हणाली. “मराठीत काय म्हणत होता, असं विचारत येणार.”

आत्या एकदम खाली बसली. “श्रीधर, हेडमास्तरांना मी काय म्हणते रे? घागर?”

“घागर बँकेचे मॅनेजर. हेडमास्तर रांजण.”

“अय्यो!”

“हर्षी, सरांना सांग, तो डुप्लिकेट निघाला,” अप्पा म्हणाले.

“अप्पा, व्हिडिओ आख्ख्या शाळेनं बघितलाय!”

मग मी रघुनंदन सरांना मेसेज केला. अगदी नम्रपणे. सर, भाषणात दुसरं काहीतरी घेता येईल का, उदाहरणार्थ, पाणी वाचवा? उत्तर म्हणून त्यांनी आवाज रेकॉर्ड करून पाठवला. मी तो चालू केला. त्यातून अप्पा बोलत होते! हुबेहूब अप्पा! “चाळीस! एकदम हिरो, सर!” आणि मग त्याच पट्टीत, “चव्वेचाळीस लिही अक्का.” पाठोपाठ आत्या. पाठोपाठ अम्मासुद्धा, जिन्यातल्या घुमणाऱ्या आवाजासकट! शेवटी ते स्वतःच्या आवाजात म्हणत होते, “कसं वाटतंय? प्रॅक्टिस चालू आहे! मराठी वाक्यांचं लगेच कन्नड पण करून सांगणार, कुणाचं हसू चुकायला नको!”

आणि हा माणूस म्हणे वाईट अभिनेता!

अप्पांनी कपाळाला हात लावला. त्यांनी अंबाभवानीचा बोर्ड खाली उतरवून हेब्बाळला खरंच हार्डवेअरचं दुकान टाकावं का, ह्याचा विचार बोलून दाखवला. अम्मा म्हणाली, गावाला जाऊ. आत्या म्हणाली, कुठल्या गावाला, आपलं गाव हेच.

मी आरशाकडे बघितलं. हातातली मोजपट्टी अजून तोंडाशीच होती. मी शांतपणे विचार केला. म्हणजे माझ्या मानानं शांतपणे. माइक हातात असलेला माणूस स्टेजवर काय करू शकतो? ‘धन्यवाद सर’ म्हणू शकतो. पण पाहुणा बोलत असताना नाही! पाणी वाचवावाल्या आजोबांना विद्याश्रीला तीन वर्षांत एकदातरी थांबवता आलं का? पाहुण्याला थांबवायची ताकद त्या आख्ख्या हॉलमध्ये फक्त एका जागेत असते, आणि ती जागा स्टेजवर नाही.

फार वाईट वाटलं मला. खरंच. मी मोजपट्टी खाली ठेवली. घसा साफ केला. अप्पा, अम्मा, आत्या, तिघांना समोर उभं केलं आणि म्हणाले,

“रडारड बंद! माझं ठरलंय. माइक मी विद्याश्रीला देऊन टाकतेय. त्या दिवशी मी स्टेजवर नाही, हॉलच्या मागं साउंडवाल्या अण्णाच्या शेजारी खुर्ची टाकून बसणार, बोट बटणावर ठेवून! कालप्पाच्या तोंडून ‘टेप’ निघाला रे निघाला, की बटण बंद! उद्याच विद्याश्रीला सांगते, तुझं ‘गुड ईव्हिनिंग’ राहू दे बाजूला, ‘तांत्रिक बिघाडाबद्दल क्षमस्व’ हे आधी पाठ कर!”